मोबाइलवर नेट चालतं, कॉम्प्युटरवर नाही : प्रॉक्सीचा पत्ता कोण सांगतं?

(या भागाचं शब्दांकन. ऐकताना पायऱ्या लिहून घेणं जमत नाही, असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं, म्हणून सगळं इथे देतोय. बोलण्यातलं बोलणं तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून विरार लोकलच्या दारात उभे असाल, तर आधी जरा आत सरका. आजचा विषय ऑफिसच्या कॉम्प्युटरचा आहे, पण तो सोडवायला तुमचा मोबाइलच कामाला येणार आहे.

वसई पूर्वेला, वालीव-गोखिवरे पट्ट्यात, एका गाळ्यातले कॉम्प्युटर मी बघतो. खाली मशिनी, वर पोटमाळ्यावर ऑफिस. दहा-बारा कॉम्प्युटर असतील. पावसाळ्यातली गोष्ट. तारीख २०. घरात कुणी अकाउंट्सचं काम करत असेल तर २० तारीख म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेल. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीच्या ३बी रिटर्नची शेवटची तारीख. चुकली की दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि कर थकला असेल तर त्यावर वर्षाला १८ टक्के दरानं व्याज.

दुपारी लाइट गेली. अर्ध्या तासानं आली. आणि लगेच अकाउंट्सच्या ताईंचा फोन.

"दादा, नेट गेलंय. सगळ्यांचंच. आज रिटर्न भरायचाय हो!"

मी विचारलं, "ताई, तुमचा मोबाइल ऑफिसच्याच वाय-फायवर आहे ना? त्यावर गुगल उघडतंय?"

"हो, मोबाइलवर सगळं चालतंय."

"मग कॉम्प्युटरवर काय लिहून येतंय?"

"इंग्लिशमध्ये काहीतरी आहे. प्रॉक्सी प्रॉक्सी करतंय."

तेवढ्यात मागून शेठचा आवाज ऐकू आला. महिनाभरापूर्वी कामाला लागलेल्या एका मुलाला ते सगळ्यांसमोर झापत होते. का, तर त्यानं सकाळी प्रिंटरची वायर काढून परत लावली होती. आता प्रिंटरच्या वायरीनं बारा कॉम्प्युटरचं नेट जात नाही. पण ऑफिसात काही बंद पडलं की ज्यानं शेवटचा हात लावला तोच गुन्हेगार ठरतो. सपोर्टचं काम करणाऱ्या प्रत्येकानं हे कधी ना कधी भोगलंय.

ताई हुशार. त्यांनी माझी वाट न बघता स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्यावर घेतला. मला म्हणाल्या, "दादा, गंमत बघा. हॉटस्पॉटवर पहिलं पान उघडायला बराच वेळ लागला, पण उघडलं. ऑफिसच्या वाय-फायवर मात्र लगेच एरर येतोय."

मंडळी, हे वाक्य लक्षात ठेवा. उशिरा उघडणं आणि लगेच एरर येणं, या फरकातच सगळं उत्तर आहे. ते समजण्यासाठी आधी हा प्रॉक्सी काय प्रकार आहे ते बघू.

प्रॉक्सी आणि पॅक फाइल

प्रॉक्सी म्हणजे ऑफिस आणि इंटरनेट यांच्या मधला माणूस. तुमचा ब्राउझर थेट वेबसाइटकडे जात नाही, आधी प्रॉक्सीला सांगतो आणि मग प्रॉक्सी ते आणून देतो. ऑफिसवाले तो ठेवतात, कारण नको त्या साइट बंद करता येतात आणि कोण कुठे गेलं याची नोंद राहते.

पण प्रत्येक वेळी प्रॉक्सीकडून जायची गरज नसते. ऑफिसातलाच सर्व्हर असेल तर थेट जावं, बाहेरची साइट असेल तर प्रॉक्सीकडून जावं. हे कुठे थेट आणि कुठे प्रॉक्सीकडून, ते ठरवणारी एक छोटी फाइल असते. तिला पॅक फाइल म्हणतात. १९९६ साली नेटस्केप कंपनीनं आपल्या ब्राउझरमध्ये ती आणली आणि आजही तीच पद्धत चालू आहे. आत जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं एक फंक्शन असतं, बस.

दादर स्टेशनवर उभे आहात असं समजा. वर इंडिकेटर आहे. तुम्हाला कुठे जायचंय त्यावरून तो सांगतो, ही गाडी धरा, तो प्लॅटफॉर्म. पॅक फाइल हा ब्राउझरचा इंडिकेटर. प्रत्येक पान उघडण्याआधी ब्राउझर तिच्याकडे बघतो. इंडिकेटरवर विरार फास्ट लागली आहे आणि गाडी यार्डातून निघालीच नाही, तर तुम्ही प्लॅटफॉर्मवर उभेच राहणार. लाइन बंद पडलेली नसते, बाकीच्या गाड्या धावत असतात.

आमच्या गाळ्यात नेमकं हेच झालं होतं. पॅक फाइल ज्या मशीनवर होती ते मशीन लाइट आल्यावर सुरू झालं. पण प्रॉक्सी होता जिन्याखाली ठेवलेल्या एका जुन्या पीसीवर, आणि तो सुरूच झाला नव्हता. म्हणजे इंडिकेटर चालू, गाडी बंद. प्रत्येक कॉम्प्युटरला पॅक फाइल मिळत होती, ती सांगत होती, "प्रॉक्सीकडे जा", आणि प्रॉक्सी मेलेला. म्हणून लगेच एरर.

आणि हॉटस्पॉटवर? तिथे ऑफिसचं नेटवर्कच नाही, त्यामुळे पॅक फाइल मिळत नाही. ब्राउझर थोडा वेळ तिची वाट बघतो, मग नाद सोडून स्वतःच थेट जातो. म्हणून उशिरा, पण उघडतं. बहुतेक ठिकाणी असंच होतं. काही कंपन्या मात्र पॅक फाइल मिळाल्याशिवाय बाहेर जायचंच नाही असं बंधन घालून ठेवतात.

मोबाइलचं काय? मोबाइलमध्ये कुणी प्रॉक्सी भरलाच नव्हता. म्हणून त्याला काही फरक पडला नाही.

मी ताईंना म्हटलं, "जिन्याखालच्या पीसीचं बटण दाबायला सांगा कुणाला तरी." तोच मुलगा धावत गेला. पीसी चालू व्हायला दोन मिनिटं, त्यावरचा प्रॉक्सी उठायला आणखी एक. संध्याकाळच्या आत रिटर्न गेला. दुसऱ्या दिवशी मी जाऊन त्या पीसीच्या बायोसमध्ये, लाइट आल्यावर आपोआप सुरू व्हायची सेटिंग चालू केली. आणि शेठना समोर बसवून सांगितलं, की कालच्या गोष्टीचा प्रिंटरच्या वायरीशी काही संबंध नव्हता. त्या मुलासमोर सांगितलं. ते गरजेचं होतं.

तुम्ही कुठून सुरुवात कराल?

आता पायऱ्या. आपल्या गाळ्यात, क्लासमध्ये, दुकानात, कुठेही हे करता येईल.

पहिली पायरी. मोबाइल त्याच वाय-फायवर घ्या, मोबाइल डेटा बंद करा आणि एक पान उघडा. मोबाइलवरही उघडलं नाही तर प्रॉक्सी सोडा, राउटर आणि नेटवाला बघा. मोबाइलवर उघडलं आणि कॉम्प्युटरवर नाही, तर पुढे चला. मोबाइल डेटा बंद करायला विसरू नका, नाहीतर फोन गुपचूप त्याच्यावर जाईल आणि तुम्ही फसाल.

दुसरी पायरी. एरर वाचा. बंद करू नका, फोटो काढा. त्यात प्रॉक्सी हा शब्द आहे का बघा. क्रोममध्ये पान उघडायला वेळ लागत असेल तर खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात काय येतं ते बघा. "रिझॉल्व्हिंग प्रॉक्सी" किंवा "डाउनलोडिंग प्रॉक्सी स्क्रिप्ट" दिसलं तर गाडी तिथेच अडकलीय.

तिसरी पायरी. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात प्रॉक्सी. तिथे तीन गोष्टी दिसतील. एक, "ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज", म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच नेटवर्कवर विचारत फिरणार. दोन, "यूज सेटअप स्क्रिप्ट", म्हणजे पॅक फाइलचा पत्ता तुम्ही हातानं दिलेला. तीन, मॅन्युअल, म्हणजे थेट प्रॉक्सीचाच पत्ता. काहीही बदलण्याआधी त्या पानाचा फोटो काढा. हे मी तीनदा सांगेन. फोटो काढा. जुना पत्ता पुसला आणि कुणालाच आठवत नाही, अशी वेळ माझ्यावर आलेली आहे.

चौथी पायरी, आणि ही माझी आवडती. सेटअप स्क्रिप्टचा जो पत्ता दिसतोय, तो तुमच्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाइप करा. मोबाइलला प्रॉक्सी नाही, त्यामुळे तो सरळ त्या फाइलकडे जाईल. फाइल डाउनलोड झाली किंवा मजकूर दिसला, तर इंडिकेटर चालू आहे. नाही मिळाली, तर ज्या मशीनवर ती फाइल आहे तेच बंद आहे. फक्त एक बघा, पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर असाल तर ही चाचणी चालणार नाही.

पाचवी पायरी. फाइल मिळाली तर उघडून वाचा. घाबरू नका, बहुतेक वेळा दहा-वीस ओळी असतात. "रिटर्न" हा शब्द शोधा. त्यापुढे प्रॉक्सी, मग पत्ता, मग पोर्टचा आकडा. स्क्विड नावाचं फुकट प्रॉक्सी सॉफ्टवेअर बऱ्याच ठिकाणी असतं, त्याचा नेहमीचा पोर्ट ३१२८. तो पत्ता ज्या मशीनचा आहे ते मशीन चालू आहे का, हे जाऊन डोळ्यांनी बघा. पिंग करून उत्तर आलं म्हणजे मशीन जिवंत आहे एवढंच कळतं. त्यावरचा प्रॉक्सी चालू आहे की नाही, हे पिंग सांगत नाही. उलटंही लक्षात ठेवा. कॉम्प्युटरवरून बाहेरच्या साइटला पिंग जातं आणि पान उघडत नाही, यात काही चमत्कार नाही, कारण पिंग प्रॉक्सीकडून जातच नाही.

काही फाइलींमध्ये त्या ओळीच्या शेवटी "डायरेक्ट" असं लिहिलेलं असतं. म्हणजे प्रॉक्सी मेला तर थेट जा. आमच्या फाइलीत ते नव्हतं. मग मी लिहून टाकावं का? हा प्रश्न मी शेठना विचारला, स्वतः ठरवलं नाही. कारण डायरेक्ट लिहिलं की प्रॉक्सी बंद असताना सगळे विनाअडथळा बाहेर जाणार. सोय हवी की शिस्त, हे मालकानं ठरवायचं. आपण दोन्ही बाजू समजावून सांगायच्या.

"स्विच बंद केला, नेट आलं"

त्या दिवशी एका कॉम्प्युटरवर कुणीतरी सेटअप स्क्रिप्टचा स्विच बंद केला होता आणि तिथे नेट सुरू झालं होतं. इंटरनेटवर शोधलं तरी पहिला सल्ला हाच मिळतो. चूक आहे का? अडल्या वेळेला करा, मी नाही म्हणत नाही. पण मग तो कॉम्प्युटर प्रॉक्सीला बगल देऊन जातोय, हे कुणालातरी माहीत असलं पाहिजे. एका कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा, तारखेसकट. नाहीतर सहा महिन्यांनी त्यावर काहीतरी नको ते येतं आणि कुणालाच कारण कळत नाही. शिवाय बऱ्याच ऑफिसात राउटर थेट बाहेर जाऊच देत नाही. तिथे स्विच बंद करून काहीच होणार नाही, उलट घोळ वाढेल.

मधेमधे येणाऱ्या आणखी तीन अडचणी पटकन सांगतो.

सेटिंग बदलली तरी फरक नाही? ब्राउझर जुनी पॅक फाइल लक्षात ठेवतो. त्याच्या सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडा. आणि फायरफॉक्सची प्रॉक्सीची सेटिंग त्याच्या आत वेगळी असू शकते, ती तिथे जाऊन बघा.

पान उघडतं पण विंडोज अपडेट होत नाही? विंडोजच्या आतल्या काही सेवा प्रॉक्सीची वेगळी सेटिंग वापरतात. ती ब्राउझरच्या सेटिंगनं बदलत नाही. हे ऑफिसच्या सपोर्टवाल्याकडून बघून घ्या.

मॅन्युअलमध्ये १२७.०.०.१ असा पत्ता दिसतोय आणि तुम्ही भरलेला नाही? हा पत्ता म्हणजे तुमचाच कॉम्प्युटर. म्हणजे तुमच्याच मशीनवरचा एखादा प्रोग्राम मधे बसलाय, किंवा बसला होता. कधी तो साधा असतो, कधी फुकट सॉफ्टवेअरबरोबर आलेला चोरटा असतो. अँटीव्हायरस चोराला काढतो, पण त्यानं बदललेली सेटिंग कधीकधी तशीच राहते, म्हणून नेट बंद पडतं. आणि बंद केलेली सेटिंग परत परत आपोआप चालू होत असेल, तर एक तर कंपनीचं धोरण आहे, किंवा चोर अजून आत आहे. कंपनीला विचारा, म्हणजे कळेल.

अनोळखी काकांना पत्ता विचारू नये

आता पहिल्या स्विचकडे वळू. ऑटोमॅटिकली डिटेक्ट. विरारला राहून अंधेरी-बीकेसीला नोकरी करणाऱ्यांनी हा भाग नीट ऐका, कारण तुमचा ऑफिसचा लॅपटॉप रोज दोन-तीन वेगवेगळ्या नेटवर्कवर जातो.

हा स्विच चालू असेल तर कॉम्प्युटर प्रत्येक नव्या नेटवर्कवर विचारतो, "इथे प्रॉक्सीचा पत्ता कोण सांगेल?" आधी डीएचसीपीला विचारतो, म्हणजे जो राउटर किंवा सर्व्हर सगळ्यांना नंबर वाटतो त्याला. त्यासाठी २५२ क्रमांकाचा रकाना ठरलेला आहे. तिथून उत्तर नाही आलं, तर डीएनएसमध्ये "डब्ल्यूपॅड" नावाचं मशीन शोधतो. सापडलं, तर त्याच्याकडून पॅक फाइल घेतो आणि ती सांगेल तसं वागतो. ही पद्धत १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर आली. तिचा प्रमाण होण्यासाठीचा मसुदा पुढे गेलाच नाही, मुदत संपून पडून राहिला. पद्धत मात्र जगभर चालू राहिली.

यात अडचण अशी, की उत्तर देणारा कोण आहे हे कॉम्प्युटर तपासत नाही. स्टेशनवर कुणाही काकांना "विरार फास्ट कुठे लागेल?" विचारावं आणि ते दाखवतील तिकडे डोळे मिटून चालत सुटावं, तसं. काका चांगले असतील तर ठीक. कॅफेच्या वाय-फायवर शेजारी बसलेल्या कुणी "मी डब्ल्यूपॅड" असं सांगितलं, तर तुमची सगळी ये-जा त्याच्या मशीनमधून होऊ शकते. एचटीटीपीएस असलेल्या साइटचा मजकूर त्याला सहज वाचता येत नाही. पण तुम्ही कोणत्या साइटवर जाताय हे कळतं, आणि कुलूप नसलेल्या साइटवरचं सगळं उघडं पडतं.

हे नुसतं घाबरवणं नाही. मे २०१६ मध्ये अमेरिकी सरकारच्या यूएस-सर्ट या संस्थेनं यावर इशारा दिला. ऑफिससाठी सेट केलेले लॅपटॉप घरी गेले की ऑफिसच्या आतल्या नावाचा डब्ल्यूपॅड बाहेरच्या इंटरनेटवर शोधायला लागतात. ते नाव बाहेर कुणी विकत घेऊन ठेवलं, तर उत्तर तोच देणार. आणि डिसेंबर २०१७ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झिरो या टीमनं दाखवून दिलं, की त्याच नेटवर्कवर बसून, डब्ल्यूपॅड आणि पॅक फाइलच्या मार्गानं, विंडोज १० च्या कॉम्प्युटरचा ताबाही घेता येतो. त्या त्रुटी अपडेटनं बुजवल्या गेल्या. म्हणून अपडेट टाळू नका.

मग करायचं काय? घरचा कॉम्प्युटर असेल, किंवा लहान ऑफिस असेल आणि प्रॉक्सीच नसेल, तर हा स्विच बंद करा. एक फायदा लगेच दिसेल. काही ठिकाणी ब्राउझर उघडल्यावर पहिलं पान फार उशिरा येतं, ते याच शोधाशोधीमुळे असतं. उत्तर देणारं कुणीच नाही आणि हा बिचारा वाट बघतोय. पण कंपनीचा लॅपटॉप असेल तर स्वतः हात लावू नका, त्यांच्या आयटीला विचारा. घरी आधी व्हीपीएन जोडा आणि मग पान उघडून बघा. पॅक फाइल कंपनीच्या आतल्या सर्व्हरवर असेल, तर व्हीपीएन जोडल्याशिवाय ती दिसणारच नाही.

ज्यांच्याकडे ऑफिसचं नेटवर्क सांभाळायचं काम आहे, त्यांच्यासाठी एक वाक्य. प्रॉक्सी वापरत नसाल तरी डब्ल्यूपॅड हे नाव तुमच्या डीएनएसमध्ये कुणाला घेऊ देऊ नका. विंडोज सर्व्हर २००८ पासून ते नाव डीएनएसच्या बंदीच्या यादीत मुळातच असतं. ते तिथून काढलं असेल, तर का काढलं हे कुठेतरी लिहून ठेवा.

आणि तुमचा फोन? वाय-फायच्या नावावर जाऊन त्याच्या सविस्तर सेटिंग्ज उघडा. अँड्रॉइडमध्ये प्रॉक्सीसमोर "नन" असावं, आयफोनमध्ये "ऑफ". क्लासच्या किंवा जुन्या ऑफिसच्या वाय-फायसाठी कधी काही भरलं असेल आणि विसरला असाल, तर ते तिथेच बसलेलं असतं. त्या वाय-फायला जोडल्यावर फोनवर काहीच उघडत नाही, याचं कारण कधीकधी एवढंच असतं.

तर मंडळी, पुढच्या वेळी कुणी "नेट गेलं" म्हणून ओरडलं, तर वायरी उपटायच्या आधी आणि कुणावर बोट दाखवायच्या आधी एक प्रश्न विचारा. या कॉम्प्युटरला रस्ता कोण सांगतंय, आणि तो सांगणारा आत्ता जागेवर आहे का? आमच्या गाळ्यात तो जिन्याखाली होता आणि त्याचं बटण दाबायला एक माणूस लागला. तो मुलगा अजून तिथेच आहे. आता लाइट गेली की परत आल्यावर सगळ्यात आधी जिन्याखाली तोच जातो.

तुमच्या ऑफिसात असं काही झालं असेल तर कळवा. एररचा फोटो पाठवलात तर उत्तम, फक्त त्यातले पत्ते आणि नावं झाकून पाठवा. भेटू पुढच्या भागात. आणि हो, दारातून आत सरकलात ना?